खोडलेली एकविसावी अट

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर नाही हं. तोंडावर ‘बाई, जरा बघता का’, ‘बाई, एवढी सही’. पाठ वळली की कात्री. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तिचं काम असं. कुठे नवी वसाहत उठायची असली की बिल्डरने आधी पर्यावरणाचा आढावा द्यायचा. जमीन कशी आहे, झाडं किती, पाणी कुठून कुठे जातं, बांधकामाने काय काय बिघडेल. मग ऑफिस त्यावर अटी घालणार. इतकी झाडं लावा, नाल्यापासून इतकं लांब राहा, धूळ उडू देऊ नका. अटींचा कच्चा मसुदा समितीपुढे जाण्याआधी तिच्या टेबलावर यायचा, आणि तिची सही झाल्याशिवाय कागद पुढे हलायचा नाही. सव्वीस वर्षं तिने हेच केलं.

आता या कामातली एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. हे आढावे लिहिणारे लोक महा आळशी. एका वसाहतीचा अहवाल उचलायचा, वरचं नाव बदलायचं आणि दुसरीला चिकटवायचा. मग डोंगरावरच्या बंगल्यांच्या फाईलीत भरती-ओहोटीवर दीड पान सापडायचं. जिथे दहा कोसांत विमानतळ नाही तिथे विमानांच्या आवाजावर उपाय सुचवलेले असायचे. असा वाट चुकून आलेला मजकूर पकडायचा, त्यावर लाल पेनने आडवी रेघ ओढायची आणि समासात लिहायचं, ‘इतर प्रकल्पातला मजकूर. वगळावा.’ या कामात तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. साहेब नव्या माणसांना सांगायचे, “बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही बरं का,” आणि बाईंची मान दोन बोटं वर व्हायची. जागेवर मात्र ती कधी गेली नाही. जायचं कशाला? जागेवर जायला पाहणीवाला होता, कागद बघायला ती होती.

साडेतीन वर्षांपूर्वी चाळीस घरांच्या एका वसाहतीचा मसुदा तिच्यासमोर आला. वीस अटी नेहमीच्याच. एकविसावी वाचून ती मोठ्याने हसली, आणि शेजारच्या टायपिस्टलाही तिने ती वाचून दाखवली.

‘वायव्य कोपऱ्यातील झऱ्याचे तोंड उघडे ठेवावे. त्याच्या सभोवती तीस मीटर बांधकाम करू नये. दिवस मावळताना पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट अडवू नये.’

“जनावरांची वाट!” ती म्हणाली. “अगं, वसाहत आहे ही, अभयारण्य नाही. कुठल्या जंगलातल्या फाईलीतून उचललंय कुणास ठाऊक.”

तरी तिने नकाशा उलगडून बघितला, कारण ती कामचुकार नव्हती. वायव्य कोपऱ्यात झुडपांची खूण होती, झरा नव्हता. झालं. रेघ, समासातली ओळ, सही. दोन मिनिटंही लागली नसतील. त्यानंतर तिने डबा खाल्ला.

पुढे दोन वर्षांनी तिचा मुलगा घर शोधायला लागला. एकुलता एक मुलगा, सून, आणि पाच वर्षांची नात. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. मुलाने त्याच वसाहतीतल्या कोपऱ्यातल्या घराचं चित्र आणून आईपुढे ठेवलं. सून म्हणाली, “आधी दोनचार वेळा जाऊन नीट बघू या.” त्यावर कात्री काय म्हणाली असेल? म्हणाली, “अगं, फाईल माझ्या हाताखालून गेलीय. डोळे झाकून घ्या.”

आणि त्यांनी घेतलं. आईचा शब्द होता ना.

ते राहायला गेल्यावर पहिले चारपाच महिने काही नव्हतं. मग एका रविवारी ती दुपारची गेली. चहा झाला, भिंगरीने कोलांट्या मारून दाखवल्या, मुलगा पेपर तोंडावर घेऊन पेंगायला लागला. ऊन कलल्यावर सून उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. “आई, जरा इकडे या,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुम्हाला दाखवायचं होतं.”

कुंपणाच्या भिंतीवर पाखरं बसली होती. भिंतभर. चिमण्या, साळुंक्या, कबुतरं, एक घारसुद्धा, आणि घारीला खेटून कबुतर. चोच कुणाचीच हलत नव्हती. सगळ्यांची तोंडं घराकडे.

“दाणे टाकतेस का रोज?”

“टाकून बघितले. शिवत नाहीत. पाण्याचं भांडं ठेवलं, त्यालाही नाही. रोज याच वेळेला येतात, आणि रोज थोडी जास्त असतात. त्या फाटकाकडे बघा.”

फाटक बंद होतं. त्याच्या गजांपलीकडे दोन ससे बसले होते. त्यांच्या मागे कोल्हा. सशांच्या मागे कोल्हा, आणि ससे ढिम्म! कोल्ह्याच्या मागे रानमांजर आणि एक हरीण, हाडं दिसत असलेलं. रेशनच्या रांगेत माणसं उभी राहतात तशी एकामागे एक, गुपचूप.

“बघतायत काय ही?”

“माझ्या खोलीकडे,” भिंगरी मागून म्हणाली. ती खिडकीच्या कठड्यावर चढून त्यांना हात हलवत होती. “आजी, माझ्या खोलीत ना, फरशीच्या खाली कुणीतरी गुळण्या करतं.”

“काहीतरीच काय बोलतेस!”

“खरंच! ये, ऐक.”

खोली वायव्य कोपऱ्यात होती. आत पाऊल टाकल्याबरोबर तळव्यांना गार लागलं, आणि बाहेर तर अजून घामाच्या धारा. भिंगरीने गोटी सोडली. गोटी आधी रेंगाळली, मग वळली आणि थेट पलंगाखाली, मधोमध जाऊन थांबली. भिंगरीने दुसरी सोडली, तीही तिथेच. कात्री गुडघ्यांवर बसली आणि फरशीला कान लावला. आधी काही नाही. मग खोल, फार खोल, एक घोट घेतल्यासारखा आवाज. मग शांत. मग पुन्हा घोट.

“बिल्डरचा माणूस येऊन गेला,” मुलगा दारात उभा राहून म्हणाला. “म्हणाला, नव्या घराला पहिलं वर्ष ओल येतेच. आई, तुझा चेहरा असा का झालाय?”

‘दिवस मावळताना पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट.’ शब्दन् शब्द आठवला तिला. स्वतःच मोठ्याने वाचून दाखवला होता ना!

“काही नाही,” ती म्हणाली. “गुडघे दुखतात.”

सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी ती दारात हजर. रेकॉर्डरूममधून फाईल काढून घेतली आणि पान उलटता उलटता मनात घोकत राहिली, दुसरी कुठली तरी फाईल असेल, माझाच गोंधळ होतोय. पण कसला गोंधळ! लाल रेघ होती, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. खाली तिची सही. आणि पहिल्यांदाच तिचं एका गोष्टीकडे लक्ष गेलं. बाकीच्या वीस अटी टाइप केलेल्या होत्या. एकविसावी हाताने लिहिलेली होती. इतर प्रकल्पातून चुकून आलेला मजकूर कधी हाताने लिहिलेला असतो का? आंधळ्यालाही कळलं असतं हो. पण ती तेव्हा हसत होती.

अक्षर पाहणीवाल्याचं. तो कधीच निवृत्त झाला होता. तिने त्याला फोन लावला, नाव सांगितलं, वसाहत सांगितली.

“टाइप करून झाल्यावर मी पुन्हा एकदा गेलो होतो,” तो म्हणाला. “त्या मोजणीवाल्याने झुडपांच्या आत पायच घातला नव्हता, म्हणून नकाशात झरा नाही. मी शिरलो. वीतभर तोंड असेल. खांद्यापर्यंत हात घातला. मग काठी घातली, मग काठीला दोर बांधून दगड सोडला. तळ लागला नाही बाई. आत सगळं पोकळ आहे. आणि उठून बघतो तर माझ्या मागे जनावरं उभी. मी बाजूला व्हायची वाट बघत. इतकी शहाणी जनावरं मी जन्मात पाहिली नाहीत.”

“मला सांगायचं नाही का?”

“लिहिलं होतं की. तुम्ही एक फोन केला असता तर बोललोही असतो.” मग त्याने विचारलं, “तिथे आता कोण राहतं?”

तिने फोन ठेवून दिला.

आता कुणीही म्हणेल, हिने तडक मुलाचं घर गाठायला हवं होतं. हवंच होतं! पण माणूस मोठा विचित्र प्राणी. निवृत्तीला चार महिने राहिले होते. सांगायचं म्हणजे ‘डोळे झाकून घ्या’ म्हणणाऱ्या तोंडानेच सांगायचं, की मी बघितलंच नव्हतं. आणि अटच नाही म्हटल्यावर बिल्डर हात झटकून मोकळा. मुलाने दाद मागायची तर आईविरुद्धच मागायची. ती मूग गिळून बसली. फक्त सुनेला फोन करून म्हणाली, “भिंगरीला काही दिवस हॉलमध्ये झोपव.”

“का हो आई?”

“गारठा आहे त्या खोलीत. सर्दी होईल.”

सर्दी! पोरीच्या खाली जमीन नाही आणि आजी सर्दीच्या गोष्टी करतेय. तिला स्वतःचीच किळस आली, तरी पुढे एक शब्द फुटला नाही. सुनेने दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी भिंगरी खेळणी मागत रडली आणि परत आपल्या पलंगावर गेली. सर्दी तर झाली नव्हती ना, मग कशाला अडवायचं?

गुरुवारी सुनेचा फोन आला. “आई, आज त्या जनावरांनी फाटक उघडलं. कडी कशी काढली देव जाणे. अंगणात येऊन बसली होती. अंधार पडल्यावर गेली, पण यांनी काठी आपटली तरी हलली नाहीत.” “मला इथे राहवत नाही हो. पण जायचं कुठे? आणि सांगायचं काय लोकांना, की पाखरं बघतात म्हणून घर सोडलं?”

शुक्रवारी कात्रीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बसमध्ये बसली. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं. आधी भिंगरीला बाहेर काढायचं, मग बोलायचं. पाच दिवस उशिरा का होईना, सगळं ओकून टाकायचं. मुलगा जे म्हणेल ते खाली मान घालून ऐकायचं.

दुपारचे दोन वाजले होते. टळटळीत ऊन. वसाहतीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं असं म्हणावं तर पाखरंच पाखरं होती. विजेच्या तारांवर, कुंपणांवर, उभ्या गाड्यांच्या टपांवर. एक कुत्रा गाडीखाली पोट जमिनीला लावून पडला होता, डोळे उघडे, आवाज नाही. घरांच्या खिडक्या बंद. आणि रस्त्याच्या कडेने ती रांग. संध्याकाळची वाट न बघता भर दुपारी आलेली. ती रांगेच्या बाजूने चालत राहिली. तिची पिशवी हरणाच्या पोटाला घासून गेली तरी ते सरकलं नाही.

रांग फाटकातून आत गेली होती. अंगणातून व्हरांड्यात. दार उघडं होतं.

“सूनबाई!” तिने हाक मारली. मागच्या गच्चीवरून, जिथून फाटक दिसत नाही, उत्तर आलं, “आले आई, कपडे काढतेय वाळलेले! भिंगरी झोपलीय!”

हॉलमध्ये कोल्हा बसला होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि मान परत खोलीकडे वळवली.

भिंगरी पलंगावर झोपली होती, एक हात खाली लोंबलेला. आणि खोलीत चारी भिंतींना लागून जनावरं. ससे, मुंगसं, रानमांजर, मांडीएवढी एक घोरपड. भिंतींना पाठ घासून, अंग चोरून, एकेका फरशीच्या रुंदीत. मधली सगळी जागा मोकळी. भोवती इतकी गर्दी, आणि मधल्या फरशीवर एक पाय नव्हता. एक पंजा नव्हता.

ओरडावंसं तिला फार वाटलं. पण ओरडली तर पोर दचकून उठणार, आणि उठली की उडी मारणार. भिंगरी कधी सरळ उतरते का? तिने ओठ दाताखाली धरला. चपला काढल्या. भिंतीला पाठ लावली आणि जनावरं उभी होती तशीच, त्यांच्या मधून, एक एक पाऊल सरकत गेली. सशांनी अंग आणखी चोरलं. पलंगाचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं. तिथवर पोचून ती वाकली, पोरीच्या बगलेत हात घातले आणि अलगद ओढून छातीशी घेतलं. भिंगरी अर्धवट झोपेत म्हणाली, “आजी, गुळण्या थांबल्या.”

खरंच थांबल्या होत्या. खालून काहीच येत नव्हतं.

ती जशी आली तशीच भिंतीने परत निघाली. उंबऱ्याबाहेर पाय पडला तेव्हा मागे कचकन आवाज झाला, फार मोठा नव्हे. तिने वळून बघितलं. पलंगाचा एक पाय फरशीत गेला होता. मग दुसरा. मग पलंग उभाच्या उभा, उशी-पांघरुणासकट, कुणी खालून धरून ओढावा तसा सावकाश आत गेला, आणि मधल्या फरश्या त्याच्या मागोमाग. किती वेळ पडत राहिल्या कोण जाणे, आदळल्याचा आवाज काही आला नाही. मग गार वारा आला, आणि थोड्या वेळाने पाणी. काळं, स्वच्छ, काठापर्यंत चढून तिथेच थांबलेलं. भिंतीलगतच्या जनावरांनी माना खाली घातल्या. चपचप आवाज सुरू झाला. रांग एक पाऊल पुढे सरकली.

सून जिन्यात कपड्यांचं बोचकं घेऊन उभी होती. बोचकं खाली टाकून ती पुढे आली. कात्रीने पोर तिच्या हातात दिली, आणि मग अंगणात मटकन खाली बसून लहान मुलासारखी रडली.

मुलगा तासाभरात आला. पोरगी सुखरूप बघितली, खोली बघितली, मग शेजारच्यांच्या ओट्यावर आईसमोर बसला. तिने सगळं सांगितलं. रेघ सांगितली, हसणं सांगितलं, सोमवारचा फोन सांगितला, सर्दीचं खोटंही सांगितलं. तो खोलीच्या खिडकीकडे बघत ऐकत राहिला. ती म्हणाली, “शिव्या दे मला. पण असा बसू नकोस रे.”

“सोमवारपासून माहीत होतं तुला?”

“हो.”

“तरी ती तिथेच झोपत होती.”

“हो रे बाबा. हो.”

तो उठला, परत बसला. “एक सांग. आपण इथे राहायला येणार हे तेव्हा माहीत असतं, तर रेघ मारली असतीस?”

ती खोटं बोलायला थकली होती. “नाही. स्वतः येऊन बघितलं असतं. आपलं माणूस राहणार म्हटल्यावर कुणीही बघेल.”

“म्हणजे दुसऱ्या कुणाची पोर झोपणार असती तर नाही.”

मुलगा तिच्याकडे बघत राहिला, आणि रागाने नाही, हळू आवाजात त्याने विचारलं, “आई, अशा किती ओळी खोडल्यास?”

सोमवारी तिने लेखी जबाब दिला. साहेबांनी कपाळाला हात लावला. चार महिने राहिले होते, गप्प बसायचं होतं, म्हणाले. तिने चौकशी पत्करली, सही केली आणि त्याच पावली रेकॉर्डरूममध्ये गेली. सव्वीस वर्षांच्या फाईली. हाताने लिहिलेली, तिने रेघ मारलेली प्रत्येक ओळ तिने वहीत उतरवून घेतली, आणि तेराव्या दिवशी त्यातल्या पहिल्या पत्त्यावर गेली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एकोणीस वर्षं जुनी वसाहत, छान झाडं वाढलेली, रस्ते स्वच्छ. इथे काही नसेल, तिला वाटलं. तिने घंटा वाजवली.

दार एका म्हातारीने उघडलं.

“मी पर्यावरण ऑफिसातून आलेय,” कात्री म्हणाली. “विचारणं जरा चमत्कारिक वाटेल तुम्हाला. पण या घरात कधी काही, म्हणजे खालून, किंवा भिंतीतून...”

म्हातारीच्या डोळ्यांना पाणी आलं. मग दाराला धरून ती आत वळली आणि नवऱ्याला हाक मारली.

“अहो, ऐकलंत का? आलं हो, आलं एकदाचं कुणीतरी विचारायला.”